दिव्याखालचा तांबडा-काळा किडा

भाताची लावणी उरकली की खाचरे पाण्याने भरून जातात. दिवसभर पाऊस, रात्री बेडकांचे ओरडणे. संध्याकाळी घरात दिवा लागला म्हणजे भिंतीवर किड्यांची जत्रा भरते. त्यांतले बरेच किडे आपल्या ओळखीचे असतात. वाळवीची पंखवाली पाखरे येतात आणि पंख गाळून जमिनीवर सरपटू लागतात. हिरवे तुडतुडे येतात. तपकिरी भुंगेरे येतात आणि दिव्यावर टणाटण आपटतात. त्यांचे आपल्याला काही वाटत नाही. ताटात पडला तर बोटाने काढून टाकतो आणि जेवण पुढे चालू ठेवतो.

मधूनच एखादा निराळा किडा मानेवर येऊन बसतो. बारीक, लांबट, मुंगीसारखा चालणारा. काहीतरी वळवळले म्हणून आपला हात आपोआप वर जातो. फटकन चापट बसते. किडा चिरडतो. आपण हात कपड्याला पुसतो आणि झोपी जातो. रात्री काही दुखत नाही, काही खुपत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मानेवर आग होऊ लागते. तांबडा पट्टा उठतो. चाबकाचा फटका बसावा तसा तो दिसतो. आणखी एका दिवसाने त्यावर बारीक फोड येतात. मग घरोघर अशी बोलणी होतात :

"आत्याबाई, बघा बरं, मानेवर काय उठलंय माझ्या. नुसती आग आग होतीय."

"कोळी मुतला असंल गं. माळ्यावरची जाळी काढलीस का काल?"

"नाही हो. काल माळ्यावर गेलेच नाही मी."

"मग नागीण तर न्हवं? थांब, गेरू उगाळून लावू."

बिचाऱ्या कोळ्यावर नाहक आळ येतो. कोळ्याच्या मुताने असे फोड येत नाहीत. ही नागीणही नव्हे. खरा गुन्हेगार आदल्या रात्रीच चिरडला गेलेला असतो, आणि त्याची कोणाला आठवणही राहिलेली नसते.

त्या किड्याची ओळख आम्ही ह्या पाठात करून देणार आहोत. फोड आल्यावर काय करायचे, तेही सांगू. पण आधी ओळख. किडा ओळखता आला तर हात चापट मारायला न जाता आपण फुंकर मारू, आणि हे दुखणे मुळातच टळेल.

आधी पाय मोजा

लांबून येणारे जनावर गाय आहे की म्हैस, आणि गाय असली तर ती कोणाच्या गोठ्यातली, हे तुम्ही चालीवरून सांगता. शिंगे, रंग, वशिंड, कान ह्यांवर तुमची नजर सहज जाते. किड्याचेही तसेच आहे. फक्त किडा लहान असतो, म्हणून जरा वाकून पाहावे लागते.

पहिल्याने पाय मोजावेत. सहा पाय असले तर तो खरा कीटक. झुरळ, मुंगी, ढेकूण, माशी, भुंगेरा, सगळ्यांना सहाच पाय. आठ पाय असले तर ती जात वेगळी. कोळी, विंचू आणि गोचीड त्या जातीतले. पायांची ओळच्या ओळ असली तर ती गोम किंवा पैसा. पाय मोजले की अर्धे काम झाले.

मग पंख पाहावेत. माशीचे पंख पातळ, आरपार दिसणारे. फुलपाखराच्या पंखांची भुकटी बोटाला लागते. भुंगेऱ्याचे वरचे पंख मात्र कडक असतात. ते पंख कसले, ती झाकणेच. उडायचे पातळ पंख त्या झाकणांखाली घडी करून ठेवलेले असतात. भुंगेरा उडताना आधी झाकणे उघडतो, मग आतले पंख पसरतो. एकदा मुद्दाम पाहा. मुलांनाही दाखवा. मोठी मौज वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे किडा कुठे सापडला, केव्हा सापडला आणि काय करत होता. धान्याच्या कणगीत सापडलेला, गोठ्यात सापडलेला आणि रात्री दिव्याखाली सापडलेला किडा सहसा एकाच जातीचा नसतो. ह्या एका गोष्टीवरून जाणता माणूस पुष्कळ ओळखतो.

आता आपल्या किड्याकडे वळू.

आखूड बंडीचा किडा

शास्त्रात ह्या किड्याला पेडेरस म्हणतात. आफ्रिकेतल्या केनिया देशात तो फार होतो. तिथल्या नैरोबी शहरावरून त्याला नैरोबी माशी असेही नाव पडले आहे. खरे म्हणजे ती माशी नव्हेच. तो भुंगेऱ्याच्या कुळातला आहे. आम्ही इथे त्याला नुसते 'तांबडा-काळा किडा' म्हणणार आहोत. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. रूप लक्षात राहिले पाहिजे.

त्याची लांबी भाताच्या एका दाण्याएवढी असते. जाडी मात्र दाण्याहून पुष्कळ कमी. दोरा ओवावा इतका सडपातळ. पाय सहा. अंगावर रंगांचे पट्टे असतात आणि ते आडवे असतात. डोक्याकडून शेपटीकडे पाहत या. डोके काळे. त्यामागचा भाग, म्हणजे मान म्हणा, तांबडा-नारिंगी. त्यामागे काळसर निळा, चकाकणारा भाग. मग पुन्हा तांबडे-नारिंगी पोट. शेवटी काळी शेपटी. काळा, तांबडा, निळा, तांबडा, काळा, असे पाच पट्टे झाले. जातीजातीत रंग थोडा कमीजास्त असतो, पण पट्ट्यांची ही रीत सहसा बदलत नाही.

मधला निळा भाग नीट पाहण्यासारखा आहे. ती पंखांची झाकणे. दुसऱ्या भुंगेऱ्यांची झाकणे सगळी पाठ झाकतात. ह्याची अगदीच आखूड. एखाद्याने आखूड बंडी घालावी आणि पोट उघडे राहावे, तसे दिसते. त्या आखूड बंडीखाली त्याचे लांब पंख चापूनचोपून घडी केलेले असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, ह्याला पंखच नाहीत. मग हा भिंतीवर आला कसा? तर उडून आला. उडता येत असले तरी त्याला पळायला जास्त आवडते. भिंतीवरून, अंथरुणावरून तुरुतुरु पळत सुटतो.

आणखी एक खूण आहे. त्याला डिवचले की तो शेपटी वर उचलतो. विंचू नांगी उचलतो तशी. पाहणाराला वाटते, आता हा डंख मारणार. पण त्याच्या शेपटीला नांगी नसते.

ह्याच्यासारखे दिसणारे दुसरे किडे आहेत. मुंगीची चूक पुष्कळांची होते. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक असते. ह्या किड्याला अशी कंबर नाही, डोक्यापासून शेपटीपर्यंत तो साधारण सारखा जातो. शिवाय मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या हातासारख्या असतात, ह्याच्या सरळ दोऱ्यासारख्या. दुसरा एक तपकिरी किडा ओल्या दगडांखाली असतो. त्याचीही बंडी आखूड असते, पण त्याच्या शेपटीला चिमटा असतो. चिमटा दिसला की समजावे, हा आपला किडा नव्हे.

बाजरीच्या कणसांवर बसणारे हिंगे तर शेतकऱ्यांना ठाऊकच आहेत. हिंगा अंगावर चिरडला तरी फोड येतात. पण हिंगा अंगाने चांगला मोठा, आणि त्याच्या पंखांनी त्याची पाठ झाकलेली असते. त्याचे विषही वेगळे. दोघांची गल्लत करू नये.

विष आहे कुठे?

हा किडा चावत नाही. डंख मारत नाही. अंगावर मुतत नाही. तो आपल्या हातावरून शांतपणे चालत गेला तर बहुधा काहीही होत नाही. त्याचे विष त्याच्या अंगातल्या रसात असते. किडा चिरडला की रस बाहेर येतो आणि कातड्याला लागतो. म्हणजे तो विष सोडत नाही, आपण ते काढून घेतो.

बिब्बा उततो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बिब्ब्याचे तेल लागले तेव्हा काही वाटत नाही, मागाहून अंग उठते. ह्या किड्याच्या रसाचेही तसेच आहे. लागला तेव्हा कळत नाही. बारा तासांनी, कधी दीड दिवसाने, आग सुरू होते. मधल्या वेळात माणूस किडा विसरून जातो. म्हणूनच आळ कोळ्यावर जातो, पालीवर जातो, कोणाच्या नजरेवर जातो.

ह्या विषाला पेडेरिन म्हणतात. १९५३ साली इटलीतल्या पावान आणि बो ह्या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. विष प्रत्येक किड्यात इतके थोडे असते की, पुढे त्याची रचना समजून घेण्यासाठी सुमारे अडीच कोटी किडे गोळा करावे लागले. अडीच कोटी! आपण इथे एका किड्याला घाबरतो, आणि कोणी तरी ते पोतीच्या पोती जमवत होते.

पुढे आणखी एक नवल कळले. हे विष किडा स्वतः तयार करत नाही. त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म जंतू ते तयार करतात. दुधात विरजण असते ना, तसे डोळ्यांना न दिसणारे. २००२ साली ही गोष्ट पुढे आली. मादी आपल्या अंड्यांतून हे विष पिल्लांना देते. त्याचा उपयोग पिल्लांना होतो. कोळी त्या पिल्लांना खायला येत नाही. म्हणजे ज्या कोळ्यावर आपण आळ घेतो, तो ह्या किड्यापासून स्वतःच दूर पळतो.

मेलेल्या, वाळलेल्या किड्यातही हे विष शिल्लक राहते. म्हणून सकाळी दिव्याखाली पडलेले किडे हाताने गोळा करू नयेत. केरसुणीने झाडून सुपलीत घ्यावेत. लहान मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये.

मोबाईलवर ह्या किड्याविषयी भयंकर मजकूर फिरत असतो. नागाच्या विषाहून जालीम, हात लागला की माणूस गेला, असे लिहिलेले असते. थेंबाला थेंब तोलले तर हे विष खरेच तीव्र आहे. पण एका किड्यात ते कणभरच असते. किडा कातड्यावर चिरडल्याने माणूस दगावत नाही. आग होते, फोड येतात, आठ-पंधरा दिवस त्रास होतो. तो त्रास थोडा नाही. पण मरणाची भीती घालणारा मजकूर वाचून झोप उडवून घेऊ नये, आणि तो पुढेही पाठवू नये.

नागीण नव्हे, लागणही नव्हे

ह्या फोडांना नागीण समजण्याची चूक फार होते. आणि नागीण म्हटली की घरात घबराट होते. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस मरतो, अशी जुनी समजूत आहे. ती समजूत नागिणीच्या बाबतीतही खरी नाही. पण तिच्यापायी माणसे गेरू थापतात, डाग देतात, मंत्र घालायला दहा कोस जातात.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूपासून होणारा आजार आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू अंगात दबून राहतो आणि पुढे केव्हा तरी डोके वर काढतो. नागिणीत फोड येण्याआधी दोन-चार दिवस त्या जागी ठणका लागतो. फोडांचे घोसच्या घोस येतात. ते अंगाच्या एकाच बाजूला, डाव्या नाहीतर उजव्या, पट्ट्याने येतात. किड्याच्या विषाचे तसे नसते. आधी ठणका नसतो. पट्टा उघड्या अंगावर, म्हणजे मान, तोंड, हात, पाय अशा ठिकाणी येतो. तो कसाही आडवातिडवा असतो, कारण किडा जसा फरफटला तसा रस लागतो.

कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत तर एक मजेशीर खूण दिसते. मजेशीर म्हणजे पाहणाऱ्याला, ज्याला झाली त्याला नव्हे. किडा घडीत चिरडला की रस दोन्ही बाजूंना लागतो. मग वरच्या कातड्यावर एक डाग आणि खालच्या कातड्यावर हुबेहूब तसाच दुसरा डाग. शाई ओली असताना कागद मिटावा तसे. हे जोडडाग दिसले की दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुष्कळसा उलगडा होतो.

तरीसुद्धा शंका असली, आणि विशेषतः ठणका असला, ताप असला, तर घरी तर्क करत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. नागिणीवर औषध आहे आणि ते लवकर सुरू केले तर जास्त गुण येतो.

दुसरी मोठी चूक लागणीची. शाळेच्या वसतिगृहात पन्नास मुले झोपतात. खिडक्या उघड्या, पांढरा लखलखीत दिवा रात्रभर चालू, आणि भिंतीपलीकडे भाताची खाचरे. एका आठवड्यात वीस मुलांच्या अंगावर फोड येतात. झाले! साथ आली, असा बोभाटा होतो. आईबाप मुलांना घरी नेतात. फोड आलेल्या मुलाला कोणी शेजारी बसू देत नाही. त्याचे ताट वेगळे होते. लेकराला काय वाटत असेल?

हे दुखणे एकाचे दुसऱ्याला होत नाही. वीस मुलांना एकदम झाले, कारण वीस मुले एकाच दिव्याखाली झोपली. फोडातले पाणी दुसऱ्याला लागले तरी त्याला फोड येत नाहीत. २०२२ साली सिक्कीममध्ये एका कॉलेजातल्या शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना ह्याच किड्याचा त्रास झाला होता. केनियात १९९७-९८ साली अतोनात पाऊस पडला, आणि १९९८ साली तिथे माणसेच्या माणसे ह्या फोडांनी हैराण झाली. पाऊस जास्त, ओल जास्त, म्हणून किडे जास्त. हा हिशेब साधा आहे.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विष नुकतेच हाताला लागले असेल तर ते हातावरून दुसरीकडे जाते. मानेवर किडा चिरडला, तोच हात डोळ्याला लावला, की डोळा सुजतो. पापण्या मिटून येतात, पाणी वाहते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर कसे होते, ते ज्याने पाहिले असेल त्याला हे सांगायला नको. नैरोबीकडे ह्या सुजलेल्या डोळ्याला नावच पडले आहे, 'नैरोबी डोळा'. तसेच हात न धुता लघवीला गेलेल्या माणसाला नाजूक जागी त्रास होतो, आणि लाजेने तो कोणाला सांगत नाही. लाजू नये. डॉक्टरांना सांगावे.

काय करावे?

किडा अंगावर दिसला तर फुंकर मारावी. फुंकरीने गेला नाही तर कागदाचा तुकडा पुढे धरावा. तो कागदावर चढतो. मग कागद बाहेर झटकावा. अंधारात अंगावर काही वळवळले तर चापट मारू नये, हात चोळू नये. उठून दिवा लावावा आणि पाहावे. ही सवय लागायला वेळ लागतो, हे आम्हांलाही कबूल आहे. डास मारायची सवय जन्माची असते!

चिरडलाच, तर तेव्हाच उठून ती जागा साबण लावून भरपूर पाण्याने धुवावी. हातही साबणाने धुवावेत. रात्र आहे, पाऊस आहे, आता कोण उठतो, असे म्हणू नये. आत्ताचा घोट-दोन घोट आळस पुढे आठ दिवस भोवतो. किड्याचा रस लागलेली चादर नि सदरा दुसऱ्या दिवशी धुवायला टाकावा.

फोड आले असतील तर थंड पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी त्यावर ठेवावी. आग कमी होते. फोड फोडू नयेत, खाजवू नये. चुना, रॉकेल, बिब्बा, तंबाखूची राख ह्यांतले काही लावू नये. आधीच भाजल्यासारख्या झालेल्या कातड्यावर चुना लावला तर ते आणखी भाजते, दुसरे काही होत नाही. डाग देणे तर मुळीच नको. आग फार असेल तर आरोग्य केंद्रातून मलम मिळते. कुठले मलम, किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. शेजारणीच्या घरातली उरलेली नळी आणून चोपडू नये. जागा पिकली, पू वाहू लागला, ताप आला, तर थांबू नये.

डोळ्यात गेले असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इथे घरगुती उपाय नको. डोळ्यात दूध, मध, गुलाबपाणी असले काही घालू नये.

फोड साधारण आठ-दहा दिवसांत सुकतात, कोणाला तीन आठवडेही लागतात. खपली पडल्यावर काळा डाग राहतो. तो काही महिन्यांनी विरतो. लग्नाच्या मुलीच्या तोंडावर असा डाग आला तर घरचे कासावीस होतात. त्यांना सांगावे, डाग जाईल. लिंबू चोळून तो लवकर जात नाही, उलट चिघळतो.

मग मारून का टाकू नये?

एवढे वाचून कोणीही म्हणेल, असला किडा शेतात ठेवायचा कशाला? औषध मारा आणि मोकळे व्हा.

थोडे थांबा. दिवसा हा किडा कुठे असतो, ते पाहू. तो ओल असेल तिथे राहतो. भाताच्या खाचरात, नदीकाठी, कुजक्या पाल्यात, बांधावरच्या गवतात. तिथे तो भाताच्या बुडाशी फिरतो आणि लहान किडे पकडून खातो. मावा, तुडतुडे, त्यांची पिल्ले हे त्याचे खाणे. म्हणजे जे किडे भाताचा रस शोषून पीक पिवळे पाडतात, त्यांनाच हा खातो. भाताच्या जाणकारांनी त्याला शेतकऱ्याच्या मित्रांत घातले आहे. असा हा प्राणी. शेतात राखणदार, घरात उपद्रवी. माणसांतही असे काही जण असतात!

ह्या एका किड्यासाठी खाचरात औषध फवारले तर तो मरतो, बरोबर दुसरे मित्रकिडेही मरतात. तुडतुडे मात्र पुन्हा लवकर वाढतात, आणि आता त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. पैसे गेले ते वेगळेच. म्हणून आमचे मत असे की, शेतात त्याला त्याचे काम करू द्यावे. बंदोबस्त करायचा तो घराचा.

तो घरात येतो उजेडासाठी. पांढऱ्या लखलखीत दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळसर दिव्यावर कमी. पावसाळ्याचे तीन-चार महिने ओसरीवर पिवळा दिवा लावला तर फरक पडतो. काम झाले की दिवा मालवावा. दिवा लावायच्या आधी खिडकीदार बंद करावे किंवा खिडकीला बारीक जाळी ठोकावी. अंथरूण दिव्याच्या बरोबर खाली घालू नये. झोपण्याआधी चादर, उशी झटकावी. झटकावी म्हणजे झटकावी, हाताने चोळून साफ करू नये. मच्छरदाणी असली तर उत्तमच, डासही टळतात. घराला लागून ओला पाला, कुजके गवत साठू देऊ नये. भिंतीवरचे किडे केरसुणीने झाडून बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाकले की मरतात.

अनोळखी किडा दाखवायचा कसा?

तुमच्या घरी सापडलेला किडा हाच की दुसरा, अशी शंका आली तर तो जाणत्याला दाखवावा. गावात कृषी सहायक येतात, आशाताई असतात. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असते. मोबाईलवर फोटो काढता येतो. फोटो वरून काढावा, उजेड भरपूर असावा, आणि शेजारी भाताचा दाणा ठेवावा. म्हणजे किडा केवढा ते पाहणाराला कळते. दाण्याशिवाय काढलेल्या फोटोत मुंगी आणि झुरळ सारखेच दिसते.

किडाच न्यायचा असेल तर लहान काचेची बाटली घ्यावी. किडा कागदावर चढवून बाटलीत सोडावा आणि बूच लावावे. बोटाने धरू नये, हे आता सांगायला नको. मग एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून ती बाटलीला चिकटवावी. कोणत्या तारखेला सापडला. कुठे सापडला. काय करत होता. कोणाला त्रास झाला का. चिठ्ठी अशी :

"श्रावण वद्य तृतीया. रात्री आठ वाजता. ओसरीवर दिव्याखाली, भिंतीवर. घरामागे भाताचे खाचर आहे. असे सात किडे होते. धाकट्या मुलाच्या मानेवर एक चिरडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आग सुरू झाली."